पेटाऱ्यातले महाराज

त्या वर्षी मी बी.एड.ला नापास झालो असतो, तर पुढची तीस वर्षं गांधीबागेत कुणाच्या तरी दुकानात कापडाचे थान उलगडत बसलो असतो. मी कच्च्या नोकरीवर होतो त्या शाळेच्या हेडमास्तरांनी स्वच्छ सांगून ठेवलं होतं, "पास होऊन ये गा, नाहीतर तुझ्या जागेवर दुसरा ठेवतो." आणि सगळं येऊन अडलं होतं इतिहासाच्या शेवटच्या पाठावर. पस्तीस मिनिटं, मागच्या बाकावर परीक्षक.

पाठ कुठला? आग्र्याचा. दुसरा कुठला असणार! आमच्या कॉलेजातले इतिहासवाले झाडून सगळे हाच पाठ घ्यायचे, कारण शैक्षणिक साधन स्वस्तात व्हायचं. एक वेताची टोपली, सीताबर्डीहून आणलेले पावभर पेढे, की झाले मिठाईचे पेटारे तयार. पाठ घ्यायला शाळाही एकच, महाल भागातली, आणि वर्गही तोच. त्या आठवीच्या पोरापोरींनी सातवीपासूनच्या दोन वर्षांत हा पाठ किती जणांकडून ऐकला असेल, देव जाणे. मी टोपली घेऊन आत शिरलो तर पहिल्या बाकावरून आवाज आला, "यावेळी तरी ताजे हायेत ना, सर?"

कॉलेजच्या बाईंनी बजावलं होतं, पाठाचं जे टाचण लिहून दिलंय त्याबाहेर एक अक्षर बोलायचं नाही. आधी चार प्रश्न विचारायचे, त्यातून मुलांच्याच तोंडून विषय काढायचा, मग तो फळ्यावर लिहायचा.

मी पहिला प्रश्न टाकला, "सणाला आपण शेजाऱ्यांकडे काय पाठवतो?"

अख्खा वर्ग ओरडला, "महाराज!"

अरे बाप्पा! उरलेले तीन प्रश्न माझ्या घशातच राहिले. पुढे तर कहरच झाला. मी "महाराज आजारी" एवढंच म्हटलं, तर "नाही सर, सोंग होतं!" मी नकाशा उलगडेपर्यंत एक पोरगा आग्र्यावर बोट ठेवून जागेवर जाऊन बसलासुद्धा. बरं, वात्रटपणा म्हणावा तर तोही नाही. माझी परीक्षा आहे हे पोरांना ठाऊक होतं, आणि ती मदत करत होती मला! अकराव्या मिनिटाला पेटारे फाटकाबाहेर गेले, पेढे वाटून झाले, टाचण संपत आलं. चोवीस मिनिटं शिल्लक. परीक्षक घड्याळाकडे पाहून राहिले होते.

"काही शंका?" टाचणातलं हे शेवटचं वाक्य. त्याच्यापुढे काही लिहिलेलं नव्हतं, कारण शंका कधी कुणी विचारतच नसे.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. पेढा मुठीत तसाच. "सर, मंग महाराज घरी पोचले का?"

वर्ग खो खो हसला. ती भडकलीच. "हसता काहून? दोन साल झाले, दरवेळी पेटारे फाटकाबाहेर जातात अन् घंटा होते. महाराज अजून पेटाऱ्यातच हायेत ना!"

हसू थांबलं. पोरगी खरं बोलत होती. मी मागच्या बाकाकडे पाहिलं, परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं होतं. म्हटलं, जाऊ दे, गेली नोकरी तर गेली. टाचण मिटलं आणि सांगत सुटलो. मथुरा, उतरवलेली दाढी, अंगाला फासलेली राख, चुकवलेल्या चौक्या, आणि शेवटी राजगडावर आईच्या पाया पडणारा बैरागी, ज्याला आईनंसुद्धा आधी ओळखलं नाही, असं म्हणतात. घंटा झाली. कुणी हललं नाही.

"पोचले," ती मुलगी म्हणाली आणि तिनं पेढा तोंडात टाकला.

परीक्षक पुढे आले. टोपलीतला उरलेला पेढा उचलला. "पंचवीस वर्षं झाले हा पाठ तपासून राहिलो मी," ते म्हणाले. "फाटकाच्या पुढे आज पहिल्यांदा गेलो गा." मला वाटलं, जिंकलं!

कसलं काय. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी 'विषयांतर' लिहिलं आणि गुण कापले. काठावर पास झालो. जागा मात्र राहिली, आणि तिथेच म्हातारा होईपर्यंत शिकवलं. दरवर्षी आग्र्याचा पाठ आला की पुढच्या तासाचे मास्तर दाराबाहेर ताटकळत उभे राहायचे, कुरकुरायचे. कुरकुरोत बापडे. महाराज राजगडावर पोचल्याशिवाय मी वर्ग सोडला नाही.