सॉरीचा सौदा

सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत आमचा टेबल टेनिसचा हॉल आहे. दोन टेबलं, वर पत्रा आणि भिंतीवर एक लाकडी फलक. पन्नाशीपुढच्यांची स्पर्धा दरवर्षी जो जिंकतो, त्याचं नाव त्या फलकावर पांढऱ्या रंगात लिहितात. मला तिथं माझं नाव हवं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा मनस्ताप त्यापायी झाला.

माझी शाळा नववीत सुटली, त्यामुळे शाळेच्या कुठल्या फलकावर नाव लागायचा प्रश्नच नव्हता. केम गावाहून गाडीनं सोलापुरात आलो तो कांद्याच्या मार्केटात पोती उचलायला. पुढं स्वतः लिलावात उभा राहिलो, गाळा घेतला, त्यावर पाटी लावली. पण स्वतःची पाटी स्वतः लावली तर तिला मी नाव झालं असं म्हणत नाही. दुसऱ्यानं लिहिलं तर ते नाव.

साखर वाढली तेव्हा डॉक्टर म्हणाले, घाम येईल असं काहीतरी करा. म्हणून लिलावाआधी सकाळी हॉलवर जायला लागलो. पहिल्याच आठवड्यात माझा डाव एका निवृत्त मुख्याध्यापकांशी लागला. सगळे त्यांना सर म्हणतात. त्यांचा एक चेंडू जाळीला अडखळला, वर चढला आणि माझ्या बाजूला मेल्यासारखा पडला. मी धावलो आणि पोटावर टेबल घेतलं. सरांनी तर्जनी वर केली आणि म्हणाले, "सॉरी."

आमच्या मार्केटात बोट वर केलं म्हणजे बोली वाढवली. आणि पोत्यात ओला कांदा निघाला आणि समोरचा 'चुकलं' म्हणाला, तर त्याला सूट द्यावीच लागते. ज्याला द्यायची नसते तो 'चुकलं' म्हणत नाही, भांडतो. दोघंही आपापल्या जागी सरळ असतात. मी तीस वर्षं याच भाषेत जगलो. म्हणून अगदी साध्या मनानं विचारलं, "मग पॉइंट माझा की?"

सगळा हॉल हसला. पलीकडच्या टेबलावर एक टॉवेलचे कारखानदार खेळत होते. घरी तेलुगू बोलणारा माणूस, पण टोमणे मराठीत मारतो. ते बॅट टाकून खुर्चीवर बसले, इतकं हसले. सरांनी मात्र वर्गात सांगावं तसं शांतपणे सांगितलं, की जाळीला किंवा टेबलाच्या कडेला लागून नशिबानं पॉइंट मिळाला तर सॉरी म्हणायची पद्धत आहे. पॉइंट परत द्यायचा नसतो. त्या दिवसापासून मी आत शिरलो की कारखानदार विचारतात, "शेठ, आज सॉरी काय भावानं?"

दोन वर्षं हे ऐकलं. मी कुणालाही कधी सॉरी म्हटलं नाही. माझा चेंडू जाळीवरून घरंगळला की मी गप्प राहून पुढची सर्व्हिस घेई. लोक म्हणत, कांदेवाल्याला रीत नाही. मला उलट त्यांच्या रीतीचा राग येई. सर सॉरी म्हणत तेव्हा बोट वर असे आणि तोंडावर पोरीच्या लग्नात अक्षता पडल्याचा आनंद. माल घ्यायचा आणि वर वाईट वाटल्याचं सोंग करायचं. यापेक्षा गुमान घेऊन जावं.

यंदा स्पर्धेत अंतिम सामना सरांशीच आला. रविवारची सकाळ होती, पंच म्हणून कारखानदार उभे होते. पहिल्या तीन डावांत मी दोन-एकनं पुढं होतो. चौथ्यात सरांचे दोन चेंडू जाळीवरून टपकले. दोन्ही वेळा बोट वर, दोन्ही वेळा सॉरी. तो डाव त्यांनी त्या दोन पॉइंटांनीच घेतला.

मध्ये पाणी प्यायला थांबलो तेव्हा माझं डोकं तापलेलं होतं. मी त्यांच्यासमोर गेलो आणि म्हणालो, "सर, पॉइंट देणार नसाल तर सॉरी म्हणू नका. बाकीच्यांना म्हणा, मला नको."

सरांनी चष्मा पुसला. म्हणाले, "पॉइंट जाळीनं दिला, तो परत करणारा मी कोण? सॉरी असतं ते तुम्ही धावलात त्याबद्दल."

"मला नको."

"बरं," ते म्हणाले. "नाही म्हणणार."

मला वाटलं, सौदा मी जिंकला.

पाचवा डाव नऊ-नऊपर्यंत गेला. दहावा पॉइंट सरांनी नीट मारून घेतला, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पुढचा चेंडू लांबला. मी मनात म्हणालो, गेला बाहेर. तो माझ्या बाजूच्या कडेवर टिचकी मारून सरळ खाली गेला. बॅट हवेतच राहिली.

कारखानदार उभे होते तिथून ती कड दिसत नव्हती. टेबलाच्या वरच्या कडेला लागला असेल तर पॉइंट सरांचा आणि स्पर्धाही त्यांची. खालून बाजूला लागला असेल तर माझा, आणि दहा-दहा. सरांचा चष्मा घामानं धुरकटला होता, त्यांनाही दिसलं नव्हतं. कारखानदारांनी मला विचारलं. या वेळी त्यांनी शेठ म्हटलं नाही.

"वरून लागला की बाजूला? तुम्हीच सांगा."

फलक माझ्या समोरच्याच भिंतीवर होता. मी भावात रडवतो, पाय आपटतो, उठून जायचं नाटक करतो. पण वजन माझ्या काट्यावर होतं तेव्हा मी काट्याला कधी बोट लावलं नाही. म्हणालो, "वरून. कड लागली."

अकरा-नऊ.

आणि मग मी सरांकडे बघत उभा राहिलो. माझं नाव मी माझ्या तोंडानं पुसलं होतं. निदान बोट तरी वर जाईल असं वाटलं. सर आले, माझा हात हातात घेऊन म्हणाले, "छान खेळलात." एवढंच. मी हात सोडला नाही.

"सर, काही राहिलं का?"

ते गोंधळले. मग त्यांच्या ध्यानात आलं. "तुम्हीच म्हणालात ना, म्हणू नका म्हणून."

त्यात कुचकेपणा नव्हता, हेच मला सोसत नाही. माणसानं शब्द पाळला. मीच मागितलेला.

फलकावर सरांचं नाव लागून आता चार महिने झाले. ते सगळ्यांना सॉरी म्हणतात. माझ्याशी खेळताना चेंडू जाळीवरून पडला की त्यांचं बोट निम्म्यावर येतं आणि चष्म्याकडे वळतं. मी धावतो, पोटावर टेबल घेतो, आणि समोरून काहीच येत नाही. धावण्याची दखल नसली की धावणं किती लागतं, ते मला आता कळतं. सरांना म्हणावं, की ते परत सुरू करा? पण मोडलेला सौदा परत मागायला जाणाऱ्याला समोरचा काय भाव देतो, हे मला कुणी शिकवायला नको.

गेल्या मंगळवारी मात्र माझाच चेंडू जाळीवर चढला आणि सरांच्या पुढ्यात पडला. सर धावले. वयाच्या मानानं फारच धावले, आणि टेबलाला धरून थांबले. माझं बोट आपोआप वर गेलं. तोंडातून शब्दही गेला. परत घेता येईना.

कारखानदार उठून उभे राहिले. सरांना श्वास लागला होता, तो त्यांनी नीट घेतला, चष्मा सारखा केला आणि माझ्याकडे बघून अगदी माझ्याच सुरात म्हणाले, "मग पॉइंट माझा की?"

मला राग आला. रागाच्या भरातच म्हणालो, "घ्या."

त्यांनी घेतला.