पावसाळ्यातला मध

वर्ध्याच्या सुभद्राबाई नवऱ्याच्या, रावसाहेबांच्या, सरकारी नोकरीपायी लखनौला आल्या आणि तिथल्याच होऊन गेल्या. चिनहटच्या आठवडी बाजारात त्या राजारामकडूनच मध घेत. राजाराम गावाबाहेर लाकडी पेट्यांत मधमाश्या पाळायचा. सुभद्राबाईंसाठी एक बाटली आठवणीने बाजूला ठेवायचा आणि पद्मिनीच्या, त्यांच्या लेकीच्या, तळहातावर थेंबभर मध घालायचा.

अठ्ठ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात रावसाहेबांच्या बढतीचं घाटत होतं. त्यांच्या वरच्या साहेबांच्या बायकोने अस्सल मधाची फर्माईश केली आणि सुभद्राबाई हो म्हणून बसल्या. पण राजारामने नकार दिला.

"अभी नहीं, भाभीजी. बरसात में फूल कहाँ? पेटी में जो बचा है, वो मक्खियों का खाना है."

आता साहेबीणबाईंना तोंड कसं दाखवायचं? सुभद्राबाई बोलून गेल्या, "पद्मिनी की खाँसी रुकती नहीं, भैया. सोती नहीं बेचारी."

पद्मिनी ठणठणीत होती. पण राजाराम म्हणाला, "बिटिया के लिए तो निकालना पड़ेगा." दुसऱ्या दिवशी सगळ्या पेट्यांतला उरलासुरला मध काढून, भर पावसात सायकल हाणत तो बाटली घरी देऊन गेला.

बाटली साहेबांकडे पोचली. यथावकाश बढतीही झाली. राजाराम मात्र बाजारात दिसेना. शेजारच्या भाजीवालीने सांगितलं, की त्याच्या माश्या उपाशी पडल्या आणि पेट्या सोडून उडून गेल्या.

सुभद्राबाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. "झालं ते झालं," रावसाहेब म्हणाले. त्यांचं झालं असेल, सुभद्राबाईंचं होत नव्हतं. एका सकाळी त्या रिक्षा करून राजारामच्या घरी गेल्या. पेरूखाली पेट्या उघड्या पडल्या होत्या. राजारामने खाट टाकली आणि पहिला प्रश्न केला, "बिटिया ठीक हो गई?"

"उसे कुछ हुआ ही नहीं था," त्या म्हणाल्या. पुढचं सगळं त्यांनी मान खाली घालून सांगितलं.

राजाराम रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता पेट्यांकडे बघत राहिला. त्याची बायको पाण्याचा लोटा घेऊन दारात आली होती, ती तशीच आत वळली. सुभद्राबाई मदतीचं बोलू लागल्या, तेव्हा त्याने हात वर करून थांबवलं. "रहने दीजिए. घर जाइए."

मोहरी फुलली तेव्हा राजाराम मेव्हण्याकडून माश्यांची एक वसाहत आणून पुन्हा बाजारात बसू लागला. सुभद्राबाई रांगेत उभ्या राहून मध घेत. तो मोजून द्यायचा आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचा.

"अम्मा, अंकल हमसे बात क्यों नहीं करते?" पद्मिनीने एकदा विचारलं.

"माझ्यामुळे," सुभद्राबाई म्हणाल्या, आणि घरी जाईपर्यंत त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं.