डेल्फिना आत्याचा चिखल

डेल्फिनाचा आवाज मोठा आणि तोंड त्याहून मोठं. आम्हा होपी लोकांच्या दुसऱ्या मेसावरच्या, म्हणजे सपाट माथ्याच्या डोंगरावरच्या, शाळेच्या स्वयंपाकघरात तिने उभा जन्म काढला. पोरांशी ती इंग्रजीतच बोलायची, पण त्यात एक होपी शब्द हमखास यायचा: मोवी. "सरक रे, आमची मोवी आलीय, तिला बसू दे." बाकी सगळं वाक्य इंग्रजी. आपल्या घरच्या पुरुषाने लग्न करून आणलेली बाई ती मोवी. तिला कुणी नावाने हाक मारत नाही, मानच तेवढा. इंग्रजीत सुनेला म्हणतात कायद्याने झालेली मुलगी. "कायद्याने? मग पाठोपाठ पोलीसही येतो का?" असं डेल्फिना विचारायची आणि स्वतःच हसायची.

मग तिचा लाडका भाचा ओरिन खरंच कायद्याने लग्न करून बसला, फिनिक्सच्या कोर्टात. बायको रेनाटा, बाहेरची, होपी न येणारी. ना तिने सासरी मका दळला, ना आत्यांनी चिखल फेकला. आमच्याकडे नवरी दळायला बसली की नवऱ्यामुलाच्या आत्या चिखलाच्या बादल्या घेऊन त्याच्या आईच्या घरावर चालून जातात आणि आमचा पोरगा पळवला म्हणून नवरीचा उद्धार करतात. आत्या आल्याच नाहीत, तर पोरगा कुणालाच नको होता असा अर्थ.

डेल्फिना रेनाटाला मोवी कधी म्हणाली नाही. वर्षातून एखाद्या वेळी ती दोघं भेटायला आली की "ओरिनची बायको" म्हणायची, तेही नाक मुरडून. रेनाटाला ते लागायचं.

तीन वर्षांनी रेनाटा आपण होऊन आली आणि सासूच्या, लोर्नाच्या घरी दळायला बसली. हाताला फोड आले तरी उठली नाही. आता आत्या येतात का, एवढंच उरलं होतं.

डेल्फिना आली, सगळ्यांच्या पुढे, बादली घेऊन. पहिला गोळा लोर्नाच्या अंगावर पडला, दुसरा थेट रेनाटाच्या तोंडावर.

"वहिनी, हे ध्यान आणलंस कुठून? हिला दळता येतं का? आळशी कुठली! आणि केवढीशी बुटकी!"

रेनाटा ताडमाड उंच, आणि पीठ पडलं होतं मैद्यासारखं. बायका हसून हसून बेजार झाल्या. इथे नियम एकच, शिव्या सगळ्या खोट्या हव्यात. शिवी जेवढी खोटी, तेवढं कौतुक.

पण डेल्फिनाची जीभ घसरली, आणि तीही इंग्रजीत. "तीन वर्षं माझ्या पोराला शहरात डांबून ठेवलंस! शेतात त्याच्या हातचा एक दाणा पडला नाही. माझा म्हातारा भाऊ एकटा राबला!"

हसणं बंद झालं. हे खरं होतं. खरं बोलणं म्हणजे चिखलात दगड घालून मारणं.

"डेल्फिना, पुरे," लोर्ना म्हणाली.

नवरीने बोलायचं नसतं. रेनाटाने तरी मान वर केली. "खरं आहे, आत्या," ती इंग्रजीत म्हणाली. "पेरणीला मीच येऊ दिलं नाही त्याला. मला भीती वाटायची, तुमची."

डेल्फिनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सत्तरी उलटलेल्या बाईला माफी मागायची सवय नसते. तिने बादलीत हात घातला, उरलेला चिखल काढला आणि स्वतःच्याच तोंडाला फासला. मग बायकांकडे वळून, रेनाटाला कळावं म्हणून इंग्रजीत ओरडली, "नुसत्या बघता काय? पाणी आणा! आमच्या मोवीच्या डोळ्यात चिखल गेलाय!"

रेनाटाने हा शब्द तीन वर्षं ऐकला होता, दुसऱ्यांच्या सुनांसाठी. ती जात्याच्या दगडावर वाकून हमसाहमशी रडायला लागली.

"रडू नकोस गं बाई," तिच्या पाठीवर चिखलाचा हात ठेवून डेल्फिना म्हणाली, "पीठ भिजेल. पुन्हा दळायला बसवीन."