मान धरेपर्यंत

डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात मी अंगणवाडी चालवते. बाळांची वजनं घ्यायची, कार्डावर नोंदी करायच्या, एखादं मूल मागे पडतंय असं दिसलं की आईला समजावून डॉक्टरांकडे पाठवायचं, हे माझं काम. बाळ कितव्या महिन्यात मान धरतं, कधी पालथं पडतं, कधी बसतं, हे मला तोंडपाठ आहे. म्हणून माझ्या मुलीच्या बाबतीत मी जे केलं, ते सांगताना आजही जड जातं.

लग्नानंतर आठ वर्षांनी ती झाली. जन्मली तेव्हा लगेच रडली नाही. दहा दिवस काचेच्या पेटीत होती. पाचवा महिना लागला तरी मान एका बाजूला कलायची. खांद्यावर घेतली की डोकं माझ्या गळ्याशी पडून राहायचं. बघणारे म्हणायचे, किती शांत बाळ आहे. मीही तसंच मानून घेतलं. सहाव्या महिन्यात तिचं कार्ड काढलं आणि मान धरलेल्या बाळाच्या चित्रापुढे बरोबरची खूण केली. ती शेजारीच पाळण्यात छताकडे बघत पडली होती. दोन महिन्यांनी पालथं पडण्याच्या चित्रापुढेही केली.

पहिली खूण केली त्याच सुमारास गावाबाहेर एका बांधकामावर बेळगावकडची काही कुटुंबं राहायला आली. त्यांतल्या एका बाईचं बाळ वर्षाचं झालं तरी आवाजाकडे वळत नव्हतं. मी तिच्या मागेच लागले. शेवटी एक दिवस रजा काढून तिला साखळीच्या दवाखान्यात घेऊन गेले, तिथून पणजीला पाठवलं. कानाचा दोष निघाला, यंत्र मिळालं. ते दाखवायला ती अंगणवाडीत आली, तेव्हा माझी मुलगी चटईवर पडलेली होती. बाईनं तिला काखेत धरून उचललं. डोकं मागे गेलं. तिनं हात लावून ते सावरलं आणि विचारलं, किती महिन्यांची? नऊ, मी म्हटलं.

"मग माझ्या बाळाला पाठिवलासा, हिला का न्हाई ओ?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. कामातून वेळ मिळत नाही, असं काहीतरी मी पुटपुटले. मुलांना खिचडी वाढून होईपर्यंत ती माझ्या मुलीला मांडीवर घेऊन बसून राहिली.

नवरा कारखान्यातून सकाळची पाळी करून आला, तेव्हा मी कार्ड त्याच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्यानं दोन्ही खुणा नीट बघितल्या.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"पाचव्या महिन्यापासून."

तो उठून अंगणात गेला. परत आला तेव्हा म्हणाला, उद्या पणजीला जाऊया. त्यानं मला त्या दिवशी दोष दिला नाही, नंतरही कधी दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं मला कितीदा तरी वाटलं आहे.

पणजीच्या डॉक्टरबाईंनी कार्ड मागितलं. त्यांच्यासमोरच मी त्या खुणा खोडल्या आणि मी कोण, तेही सांगितलं. त्यांनी मुलीला तपासलं. मग त्यांनी समजावलं, की जन्मताना श्वास कमी पडला, त्याचा मेंदूवर परिणाम झाला आहे. गेलेले महिने परत येणार नाहीत, पण व्यायाम आजपासून सुरू करायचे. ती पायांवर चालेल का, असं नवऱ्यानं विचारलं.

"ते आज सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "आधी मान धरायला शिकवू. आत्ता एवढंच."

दर आठवड्याला साखळीहून बसनं पणजी, आणि घरी दिवसातून तीनदा व्यायाम. चादरीच्या गुंडाळीवर तिला पालथी घालायची आणि डोकं उचलायला लावायचं. ती जीव तोडून रडायची. सासूबाईंना ते बघवत नसे. पोरीला छळू नका, तेल चोळून होईल आपोआप, असं म्हणून त्या मागच्या दारी जाऊन बसत. महिनाभर आमचं धड बोलणं नव्हतं.

एकदा बैठक लांबली आणि मला घरी यायला उशीर झाला. येऊन बघते तर सासूबाई जमिनीवर बसलेल्या, मुलगी गुंडाळीवर, आणि त्या तिच्यापुढे वाटीवर चमचा वाजवत होत्या. दोघीही रडत होत्या. मी दारातच थांबले. त्यानंतर दुपारचा व्यायाम त्यांनीच घेतला.

चौदाव्या महिन्यात तिनं मान उचलून धरली. मी तेव्हा अंगणवाडीत होते. संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "आज तिनं वाटीकडं बघितलं, चांगलं बराच वेळ." आणि भाकरी थापत राहिल्या.

आता ती सव्वातीन वर्षांची आहे. भिंतीला टेकवली की बसते. उभी राहत नाही. दोन शब्द बोलते, त्यातला एक "पाव", भूक लागली की. अंगणवाडीत ती माझ्यासोबत असते, आणि नव्या आयांना मी तिच्याबद्दल काही लपवत नाही, माझ्याबद्दलही नाही.

सगळ्यांना ते रुचत नाही. गेल्या महिन्यात एका आईला मी तिच्या घरी जाऊन म्हटलं, तुमचं बाळ नजर देत नाही, दाखवून घ्या. तिनं मला सुनावलं, "तुमचं मूल तसं, म्हणून तुम्हाला सगळी तशीच दिसतात." मी परत आले. पुढच्या आठवड्यात मुलीला कडेवर घेऊन पुन्हा गेले. त्या आईनं दार उघडलं, माझ्या मुलीकडे बघितलं, मग आतून बसायला खुर्ची आणून ठेवली.