बिनचावीचं पातं

कापसाचा भाव पडला, दिग्रसची आमची जिनिंग, म्हणजे सरकी काढायची गिरणी, बंद झाली आणि काट्यावरचा कारकून, म्हणजे मी, घरी बसलो. रिकामा माणूस घरात दोनच कामं करतो: चहा मागतो आणि चालती वस्तू उघडून बघतो. मी बायकोचं शिलाई मशीन उघडलं. दोऱ्याचा ताण धरणारी, टोकाला मुद्दाम चीर पाडलेली खिट्टी माझ्या पकडीत मोडली. आता घर त्याच मशीनवर चालत होतं. गल्लीतल्या लग्नाचे सात ब्लाउज रविवारी द्यायचे होते, आणि तो होता गुरुवार.

इतक्या जुन्या मशीनची खिट्टी यवतमाळातही मिळेना. मीच बनवतो, असं मी छातीठोक सांगितलं. पलंगाखाली माझं धातू कातायचं छोटं लेथ होतंच. एसटीतून आणताना कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट फाडलं होतं, तेव्हापासून बायको त्याला धाकटा म्हणायची. खिट्टी कातणं सोपं. पण तिचं टोक मधोमध चिरायला कागदासारखं पातळ, गोल पातं लागतं. हार्डवेअरवाला मोठ्या दातांचं गळ्यात मारत होता. मी बारीक दातांची दोन घेतली. बारीक कामात मोठा दात कापत नाही, अडकतो, एवढं मला कळत होतं. माझी अक्कल तिथेच संपली.

पातं लेथवर धरायला दांडा लागतो, त्याला आर्बर म्हणतात. तो करायला जिनिंगच्या मिस्त्रींना बोलावलं. तेही माझ्यासारखेच रिकामे, पण तोरा शाबूत. जिनिंगमध्ये प्रत्येक चाक पोलादी चावी, म्हणजे पाचर, ठोकून दांड्यावर बसवलेलं असायचं. चावी खाचेत बसली की चाक जागचं हलत नाही. पात्यालाही खाच दिसली, मिस्त्रींनी चावी ठोकली. पातं अर्ध्यात अडकलं, दांडा काही थांबेना. पात्याचे चार तुकडे झाले, त्यातला एक थेट देवघरात गेला, खिट्टीही वाया गेली.

मी दुसरी खिट्टी कातली. पातं एकच उरलं होतं, आणि मिस्त्री आणखी जाड चावी घासू लागले. मला खरोखर भीती वाटली. बायको दारात उभी होती.

"माह्या मशीनच्या चाकाले कुठं चावी हाये?" ती म्हणाली. "नुसतं आवळलेलं रायते. सुई अडकली का चाक घसरते, अन् सुई वाचते."

मिस्त्रींनी मॅनेजरचंही कधी ऐकलं नव्हतं. पण त्यांनी चावी खाली ठेवली आणि पातं दोन चकत्यांमध्ये नुसतं नटाने आवळलं. अर्ध्यात ते पुन्हा अडकलं. दांडा फिरत राहिला, पातं जागीच थांबलं, अख्खं. मी हात हलका केला, हळूहळू चिरत गेलो. खिट्टी झाली.

शनिवारी मशीन धावत होतं आणि मी न् मिस्त्री लेथपाशी बसून जिनिंग सुरू झाली की काय काय करायचं ते ठरवत होतो. बायकोने शिवलेले चार ब्लाउज आमच्या मांडीवर टाकले.

"जिनिंग काई आता सुरू होत नाही," ती म्हणाली. "हुका लावा दोघंबी."

आम्ही सुया घेतल्या. दोरा ओवायला मिस्त्रींना माझा चष्मा लागला.