मंगल सोडून सगळ्यांना

माझा फोन दर चार दिवसांनी म्हणतो, 'स्टोरेज फुल.' मी त्याला म्हणते, "बाबा, माझंबी तेच आहे!" आमच्या चौघींचे किस्से इतके साचलेत की एक काढायला जावं, तर त्याचा पदर धरून दुसरे तीन बाहेर येतात.

चौघी म्हणजे मी मंगल, सिंधू, मालतीवहिनी आणि आमच्यात धाकटी शोभा. चौघींचे नवरे कागदाच्या मिलमध्ये. लग्न झालं आणि महाराष्ट्रातून थेट मिलच्या क्वार्टरमध्ये येऊन पडलो. नवरे रिटायर झाल्यावर बऱ्हाणपुरात, लालबागला, एकाच गल्लीत घरं केली. क्वार्टरच्या भिंती इतक्या पातळ होत्या, की पहिल्या घरात शिंक आली तर तिसऱ्या घरातून 'जीते रहो' यायचं! प्रायव्हसी हा शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला तो नातवंडांच्या तोंडून. "आजी, नॉक करके आओ ना!"

मग हातात फोन आले आणि आमची पुरती वरात निघाली. एका किश्शानं तर माझी चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण आणि माझी स्कूटी, दोन्ही जायची वेळ आणली होती. तो शेवटी सांगते. आधी सांगितला तर बाकीचे कुणी ऐकणार नाही.

*

मालतीवहिनींना एकदा फोन आला. "मॅडम, आपका खाता बंद होने वाला है. अपना पूरा नाम बताइए."

वहिनी पापड लाटत होत्या. म्हणाल्या, "पहले तू बता."

त्यानं काहीतरी नाव सांगितलं. वहिनींचा पुढचा प्रश्न, "कहाँ का?"

"हेड ऑफिस से, मॅडम."

"अरे ऑफिस नहीं, गाँव कौन सा? शादी हुई क्या? माँ को मालूम है तू दिनभर क्या करता है?"

फोन कट!

वहिनी भडकल्या. "कसा आहे मेला! माझं नाव, जन्मतारीख, सगळं पाहिजे, आणि स्वतःच्या गावाचं नाव सांगत नाही!" अर्धवट बोलणं त्यांना खपत नाही. त्यांनी त्याच नंबरवर तीनदा फोन लावला. चौथ्यांदा लागेना. शोभानं पाहून सांगितलं, "वहिनी, त्यानं तुम्हाला ब्लॉक केलं!"

*

शोभाचा किस्सा इच्छापूरचा. तिच्या नणंदेकडे, खकनारला, साखरपुडा होता. शोभाला जायचं नव्हतं. तिनं कळवलं, पोट बिघडलंय, उठवत नाही. आणि त्याच दिवशी आम्ही चौघी इच्छादेवीला!

देवीसमोर शपथ झाली. आज कुणी फोटो काढायचा नाही, काढला तर टाकायचा नाही. कुणीच टाकला नाही. चौघींनी शपथ अशी पाळली की मला आमचाच अभिमान वाटला.

दोन दिवसांनी कुणा अनोळखी माणसाचा रील फिरत फिरत आला. देवीच्या पायऱ्या, मागे भक्तिगीत, आणि मधोमध आमची शोभा, एका हातात भज्यांचा द्रोण, दुसऱ्या हातात तळलेली मिरची. खाली नणंदेची कमेंट होती.

"वहिनी, आता पोट कसं आहे?"

*

आमच्या यांना शुगर आहे. मुलगा पुण्याला असतो. त्यानं यांच्या फोनमध्ये असं काही बसवलं, की हे कुठे आहेत ते त्याला तिथे बसून दिसतं. तिसऱ्याच दिवशी त्याचा फोन. "बाबा, मावा जलेबीच्या दुकानात चाळीस मिनिटं काय करून राहिलात?"

"पेपर वाचत होतो," हे म्हणाले.

पण मिलमध्ये मशीनवर तीस वर्षं काढलेला माणूस! यांनी तोड काढली. फिरायला जाणाऱ्या एका मित्राच्या खिशात आपला फोन ठेवायचा. मित्र बाग फिरायचा, हे जलेबी खायचे. पुण्याला मुलगा खूश. "आई, बाबा आता मस्त चालतात!"

एक दिवस मित्राला खिशातल्या फोनाची आठवणच राहिली नाही आणि तो खकनारच्या बसमध्ये जाऊन बसला. मुलाचा मला घाबराघुबरा फोन. "आई, बाबा खकनारला निघालेत! फोन उचलत नाहीत! काही भांडण झालं का तुमचं?"

हे माझ्यासमोर बसून शर्टावरचा पाक पुसत होते. मी म्हटलं, "झालं नाही अजून. आता होईल!"

*

आता सिंधू. सिंधूनं आयुष्यात कुणाला 'चुकलं' म्हटलेलं नाही. सासूला नाही, नवऱ्याला नाही. रागवायचं असेल, टोमणा मारायचा असेल, तर ती स्टेटस टाकते.

एकदा तिच्याकडे जेवण झालं. मालतीवहिनींनी मला लिहिलं, 'सिंधूची कढी अगदीच पाणी होती.' मला म्हणजे ग्रुपवर! बोट चुकलं. मी फोन करून ओरडले, "वहिनी, पुसा ते!" त्यांनी पुसलं. पण फक्त स्वतःच्या फोनातून. आणि निवांत झोपल्या.

सकाळी सिंधूचं स्टेटस. 'ज्यांना कढी पाणी लागली, त्यांनी तीन वाट्या काहून प्यायल्या?'

*

तर माझी स्कूटी. मुलगा पुण्याला गेला तेव्हा इथेच ठेवून गेला. बासष्ट वर्षं मी कुणाच्या तरी मागं बसले. आधी वडिलांच्या सायकलवर, मग यांच्या मोटारसायकलवर. भाजीला जायचं तरी 'सोडता का?' म्हणायचं. मला एकदा स्वतःला कुठेतरी सोडायचं होतं!

घरात सांगितलं असतं तर नको म्हणाले असते. म्हणून फक्त सिंधूला सांगितलं. रोज पहाटे मैदानावर मी चालवायची, ती मागचं कॅरियर धरून धावायची. आठ दिवस चांगले गेले. नवव्या दिवशी म्हणाली, "मंगल, आज सोडते, जा." मी गेले! दोन्ही पाय बाहेर काढून, जमीन नांगरत, 'ओ माय, ओ माय' करत गेले आणि केळीच्या पानांच्या ढिगात घुसले. लागलं नाही काही. डोक्यावर पान घेऊन उठले आणि हात वर करून म्हटलं, "जमलं!"

सिंधू शूटिंग करत होती.

दुपारपर्यंत त्याचा रील झाला. खाली लिहिलं होतं 'लालबागची वाघीण', वर ढोल. संध्याकाळी भाजीवाला म्हणाला, "काकू, पाय वर घ्या!" दुसऱ्या दिवशी देवळात पुजाऱ्यांनी हातावर तीर्थ देता देता हळूच, "काकू, पाय वर!" पुण्याहून मुलगा, "आई, गाडी विकून टाकू." यांनी किल्ली काढून घेतली आणि स्वतःच्या करदोड्याला बांधली. आता ती मागायचीही सोय राहिली नाही.

मी सिंधूकडे गेले. रडू येत होतं, पण रडले नाही. म्हटलं, "एकदा विचारायचं तरी होतं गं."

"आपल्यात काय विचारायचं? मला कौतुक वाटलं म्हणून टाकलं! क्वार्टरमध्ये कोण विचारत होतं?"

"भिंतीतून ऐकू येणं वेगळं, सिंधू. तू तं भिंतच पाडली."

तिनं रील पुसला, पण 'चुकलं' काही म्हणाली नाही. मीही निघून आले. मग अबोला. एक महिना, एका गल्लीत! ती दारात आली की मी आत, मी आले की ती आत. दुपारी फोन उघडला की तिच्या नावाखाली 'ऑनलाइन' दिसायचं. मला माहीत होतं, तीही माझं 'ऑनलाइन' बघत बसलीय. खरं सांगते, स्कूटीपेक्षा त्याचं जास्त वाईट वाटायचं.

*

आणि मग तो दिवस.

सकाळी दूधवाला माप ओतता ओतता म्हणाला, "काकू, कर दो ना माफ." मी विचारलं, "किसको?" तो हसला आणि गेला.

शोभाचा फोन. आवाज भरून आलेला. "मंगलताई, किती छान वाटलं हो!" मी म्हटलं, "काय?" ती म्हणाली, "पाहिलं नाही? मग मी काही बोलत नाही," आणि ठेवून दिला.

भाजीवाल्यानं कोथिंबिरीची जुडी जास्तीची टाकली. "दोघींसाठी," म्हणाला.

पुण्याहून मुलगा. "आई, हेल्मेट घाल म्हणजे झालं." मी म्हटलं, "अरे, कशासाठी?" तर म्हणाला, "मीटिंगमध्ये आहे."

जेवण झाल्यावर हे आत गेले, बराच वेळ खुडबुड केली आणि किल्ली आणून माझ्या ताटाशेजारी ठेवली. "मला काही विचारू नको. फक्त मागं बसणारीला सांग, साडी चाकात जाते."

आता माझं डोकंच फिरलं. माझ्याबद्दल साऱ्या लालबागला काहीतरी माहीत होतं, आणि मलाच नव्हतं!

पाच वाजता फाटक वाजलं. सिंधू! जन्मात साडीशिवाय काही न नेसलेली सिंधू, भाचीचा पंजाबी ड्रेस घालून. येताच ओरडली, "सकाळपासून वाट पाहून राहिली मी! एक अंगठा तं टाकायचा होता!"

"कशाला?"

"स्टेटसला!"

"मला तुझं कुठलं स्टेटस दिसलं नाही."

"असं कसं? तुझ्याशिवाय कुणाला दिसूच नये असं टाकलं मी! नाव शोधून टिक केलं तुझ्या नावावर!"

मी तिचा फोन हातात घेतला. तिथे दोन पर्याय होते. एक, 'फक्त यांनाच दाखवा.' दुसरा, 'यांना सोडून सगळ्यांना दाखवा.' टिक माझ्याच नावावर होती, पण दुसऱ्या पर्यायात.

स्टेटस असं होतं. 'मंगल, चुकलं माझं. विचारायला पाहिजे होतं. आता तुझ्या गाडीवर मागं मी बसते. पडलो तं दोघी पडू.'

खाली पाहणाऱ्यांची यादी. दूधवाला, भाजीवाला, आमचे हे, आमचा मुलगा, मालतीवहिनी, देवळातले पुजारी. शोभाची खकनारची नणंदसुद्धा!

माझे डोळे भरून आले आणि हसूही आवरेना. "अगं बाई, मला सरळ लिहून पाठवायचं ना!"

"मग ती माफी झाली असती. स्टेटस कसं, सहज टाकलं, दिसलं तं दिसलं."

"मला तं दिसलं नाही. आता तोंडानं म्हण."

सिंधूनं गल्लीत इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सगळ्या दारांत माणसं उभी. ती माझ्या कानाशी आली. "इथं नाही. एकांतात म्हणते."

"आणि एकांत कुठून आणू?"

"गाडी काढ."

मी गाडी काढली. हेल्मेट घातलं. सिंधू मागं बसली आणि माझी कंबर अशी आवळली की श्वास घेता येईना. चौथ्या घराशी पोहोचेपर्यंत ती माझ्या पाठीत तोंड खुपसून जे म्हणायचं ते म्हणाली. मी 'हौ' म्हटलं. काय म्हणाली, ते मात्र सांगणार नाही.

मागून सगळी गल्ली एका सुरात ओरडली, "काकू, पाय वर!"

कुणाला म्हणताहेत ते कळेना. दोघींनी पाय वर घेतले!