काकांचा बूट

नातवाच्या शाळेच्या बुटांना पॉलिश करायला बसलो आणि डबी उघडताच त्या वासाने मला नंदाखालला, आमच्या गावी, सगळ्या गावाचे काका असलेल्या पास्कूकाकांच्या ओट्यावर नेलं.

काकांनी लढाईत उजवा हात गमावला होता. परत आल्यावर कायदा शिकून ते सरकारी वकील झाले. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून माझ्या थोरल्या भावाने शेजाऱ्याच्या डोक्यात फावडं घातलं, तो खटला नेमका त्यांच्याकडे आला. खटल्यातल्या त्यांच्या शेवटच्या भाषणाच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो.

मी केळ्यांचा व्यापारी. भाव पाडल्याशिवाय कुठून उठलेलो नाही. राजेळी केळ्यांचा अख्खा लोंगर, सबंध घडच, पायरीवर ठेवला.

“काका, उद्या जरा सौम्य बोला.”

“लोंगर उचल. इथे बाजार भरत नाही.”

“तुम्ही आम्हाला अंगाखांद्यावर खेळवलंत!”

“हो. आणि ज्याचं डोकं फुटलं, त्यालाही.”

मी संतापून नको नको ते बोललो. ते गुडघ्यांत बूट धरून पॉलिश करत होते. बूट सारखा निसटत होता.

“जरा धर रे,” ते म्हणाले.

मी धरला. काय करणार? तो चमकेपर्यंत दोन्ही हातांनी धरून बसलो. दुसऱ्या दिवशी तेच बूट घालून ते कोर्टात उभे राहिले आणि दादा तीन वर्षं आत गेला.

काकांवरचा राग अजून आहे. पण वर्षानुवर्षं एका हाताने पॉलिश करणाऱ्या माणसाचा बूट त्याच दिवशी का निसटत होता, हे मला आज कळतंय: उद्याचं भाषण त्यांनाही जड जात होतं. आणि ते ज्यांना सांगावं, ते ना काका आता आहेत, ना दादा.